हात लावू नका

मला बोलायला सांगितलं गेलं तेव्हा आयोजकांनी विचारलं, "तुमची ओळख काय करून द्यायची?" मी म्हटलं, "सांगा, या बाईंनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य लिहिलं असेल, तर ते 'हात लावू नका' हे आहे." त्यांना गंमत वाटली, पण ते खरं आहे. मी कला संग्रहालयात काम करते. आमच्या कामाचा अर्धा भाग म्हणजे वस्तू लोकांना दाखवणं. उरलेला अर्धा भाग म्हणजे त्याच लोकांपासून त्या वाचवणं. या दोन अर्ध्यांचं आपसात कसं पटवायचं, ते शिकायला मला बरीच वर्षं लागली. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

मी वडोदऱ्याची. आमचं घर दांडिया बाजारात. गुजरातमध्ये राहून घरात मराठी, शाळेत गुजराती, मैत्रिणींशी हिंदी, असं आमचं सगळ्यांचंच असतं. महाराष्ट्राबाहेर वाढलेले जे इथे बसले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. सुट्टीत पाहुणे आले की त्यांना कमाटी बाग दाखवायची आणि तिथलं संग्रहालय दाखवायचं, हे ठरलेलं. सयाजीराव महाराजांनी उभं केलेलं ते संग्रहालय. तिथे निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे. आम्हा पोरांचा सगळा जीव त्या ममीत.

आजी मात्र शिल्पांच्या दालनात थांबायची. दालनात शिरताना चपला काढायची. प्रत्येक मूर्तीला हात जोडायची. रखवालदार म्हणायचा, "मावशी, चपला घाला, हे मंदिर नाही." आजी म्हणायची, "इमारत तुमची, देव माझाच आहे." मला भयंकर लाज वाटायची. मैत्रिणींनी बघितलं तर काय म्हणतील, असं व्हायचं. आजीच्या त्या चपला लक्षात ठेवा. त्या पुढे परत येणार आहेत.

पुढे मी वडोदऱ्यातच म्युझिऑलॉजी शिकले. मराठीत संग्रहालयशास्त्र. महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे. तिथे मी वस्तू कशी उचलायची हे शिकले. ऐकायला सोपं वाटतं, पण जुनं चित्र उचलायला शिकण्यात माझा एक महिना गेला. दमट हवेत कागदाचं काय होतं, कसर कुठून शिरते, प्रकाशाने रंग कसे उडतात, हे शिकले. कागदावरच्या जुन्या चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू द्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तुमच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी असतो, त्याहूनही तो बहुधा मंद असेल. तोसुद्धा कायम ठेवायचा नाही. तीन महिने चित्र दाखवायचं, मग ते परत अंधाऱ्या पेटीत विश्रांतीला. कारण उडालेला रंग परत येत नाही. आजारी माणूस बरा होतो, चित्र होत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी नोकरीला लागले. उत्तरेतल्या एका शहरात, एका विद्यापीठाच्या कला संग्रहालयात. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्या जागेवर माझं प्रेम आहे, आणि या गोष्टीतल्या बहुतेक चुका माझ्या आहेत.

विद्यापीठाचं कला संग्रहालय म्हणजे काय, हे आपल्याकडे फार लोकांना ठाऊक नसतं. शहरातलं सरकारी संग्रहालय माहीत असतं. पण विद्यापीठाच्या आवारात, ग्रंथालय आणि कॅन्टीनच्या मधे कुठेतरी एक इमारत असते आणि तिच्यात चोल काळातली ब्राँझं किंवा मुघल चित्रं असू शकतात, याची कल्पना त्याच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनाही नसते. कलकत्ता विद्यापीठाचं आशुतोष संग्रहालय १९३७ साली सुरू झालं. भारतातल्या विद्यापीठांमधलं ते पहिलं सार्वजनिक संग्रहालय. काशीला भारत कला भवन आहे. हिंदी लेखक आणि जबरदस्त संग्राहक राय कृष्णदास यांनी १९२० साली ते सुरू केलं, आणि १९५० साली ते बनारस हिंदू विद्यापीठाकडे आलं. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी किती मराठी घरं आहेत! त्यांच्या शहरातच भारतीय लघुचित्रांच्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे.

तर माझं पहिलं प्रदर्शन. विषय घेतला रागमाला. रागमाला म्हणजे रागांची चित्रं. एकेका रागाला, रागिणीला एक प्रसंग, एक रूप दिलेलं असतं. सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या, मिळून छत्तीस चित्रांचा संच, ही त्यातली एक प्रचलित मांडणी. राजस्थानात, माळव्यात, पहाडी राज्यांत, दख्खनेत, सगळीकडे हे संच रंगवले गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरची काही सुंदर दख्खनी रागमाला चित्रं बरेच अभ्यासक अहमदनगरच्या निजामशाहीशी, म्हणजे आजच्या अहिल्यानगरशी जोडतात. आमच्या संग्रहात एका संचातली बावीस चित्रं होती. ती कित्येक वर्षं पेटीतून बाहेर आली नव्हती.

मी जीव ओतून काम केलं. फ्रेमा नव्या केल्या. उजेड ५० लक्सवर बांधला. भिंतींना राखाडी रंग दिला. लेबलं लिहिली: "भैरवी रागिणी. कागदावर अपारदर्शक जलरंग. अठरावं शतक." इंग्रजीत आणि हिंदीत. प्रत्येक चित्राखाली छोटी पाटी: हात लावू नका. उद्घाटनाला कुलगुरू आले, हार झाले, समोसे झाले. दुसऱ्या दिवसापासून दालनात मी, रखवालदार आणि बावीस चित्रं.

अधूनमधून कुणी पावसाचा आडोसा म्हणून यायचं. एक जोडपं रोज यायचं, पण त्यांचं लक्ष चित्रांकडे नव्हतं हे कळण्याइतकी मी तरुण होते.

आणि मग एका दुपारी चार बायका आल्या. मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या. दुपारचा स्वयंपाक आटोपून, हातपाय धुऊन आल्या असाव्यात. त्यांतल्या एका वयस्क बाईंना मुली चाची म्हणायच्या, आपणही तेच म्हणू. चाची भैरवीच्या चित्रासमोर थांबल्या. चित्रात तळ्याकाठी छोटं देऊळ आहे, शिवलिंग आहे आणि समोर एक स्त्री बसली आहे. चाचींनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि काचेला कपाळ टेकवलं. पदरात बांधून आणलेलं झेंडूचं एक फूल होतं, ते त्यांनी फ्रेमच्या काठावर ठेवलं.

मी धावत गेले. ओरडले. "काचेला हात लावू नका! दिसत नाही का पाटी? हे मंदिर नाहीये!"

हो, तेच वाक्य. माझ्या आजीला रखवालदार म्हणायचा ते.

चाची म्हणाल्या, "चुकलं, मॅडमजी." फूल उचललं आणि चौघीही निघून गेल्या. बाकीच्या तिघींनी तर अजून चित्रं बघितलीही नव्हती. मी फडकं घेऊन काचेवरचा कपाळाचा डाग पुसला. पुसता पुसता समोरच्या चित्राकडे बघितलं. चित्रातली बाई तेच करत होती. दोनअडीचशे वर्षं ती देवासमोर बसली होती आणि मी तिच्याखाली लिहिलं होतं, "कागदावर अपारदर्शक जलरंग."

त्या क्षणी मला साक्षात्कार वगैरे झाला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला फक्त अवघडल्यासारखं झालं. मी ते मनातून झटकलं. नियम तो नियम, असं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी एक पत्र आलं. परीक्षा विभागाला उत्तरपत्रिका ठेवायला जागा हवी होती. "वापर अत्यल्प असलेल्या" जागांची यादी केली होती आणि आमचं मोठं दालन त्यात पहिलं होतं. बैठकीला गेले. तिथे एका अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "रोज किती लोक येतात?" मी संग्रहाचं महत्त्व सांगायला लागले. ते म्हणाले, "मॅडम, महत्त्वाचं आहेच. किती लोक येतात?"

मी अभ्यागत नोंदवही आणली होती. उद्घाटनाच्या दिवसाची चार पानं भरलेली. त्यापुढच्या पानांवर ओळीच ओळी, आणि त्याही रिकाम्या. त्या माणसाचा मला तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. आम्हाला सहा महिन्यांची मुदत मिळाली.

आमच्या संग्रहालयाचे प्रमुख इतिहासाचे प्राध्यापक होते. त्या संध्याकाळी त्यांनी चहा मागवला आणि मला एक जुनी गोष्ट सांगितली. ऑक्सफर्डचं ॲशमोलियन हे विद्यापीठाचं संग्रहालय १६८३ साली लोकांसाठी उघडलं. पैसे देऊन कुणीही आत जाऊ शकत होतं, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. १७१० साली उफेनबाख नावाचा एक जर्मन विद्वान तिथे गेला आणि वैतागला. त्याने लिहून ठेवलं आहे की तिथे खेड्यातली माणसं भरली आहेत, सहा पेन्स दिले की बायकांनासुद्धा आत सोडतात आणि त्या इकडेतिकडे धावतात, प्रत्येक वस्तूला हात लावतात, कुणाचं ऐकत नाहीत.

सर म्हणाले, "तीनशे वर्षं झाली, तक्रार तीच आहे. तुम्हाला कोण व्हायचंय ते ठरवा. तो विद्वान, की त्याला दिसलेली ती गर्दी आत घेणारं संग्रहालय?" मग त्यांनी विचारलं, "हे प्रदर्शन तुम्ही कुणासाठी लावलं होतं?"

मी म्हटलं, "अभ्यासकांसाठी. विद्यार्थ्यांसाठी."

ते म्हणाले, "त्यांच्यापैकी कुणी आलं नाही. ज्या आल्या, त्यांना तुम्ही घालवलंत."

म्हणजे त्यांना ते कळलं होतं. रखवालदाराने सांगितलं असणार.

तर ते सहा महिने. आम्ही काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी शाळेत असेल, ग्रंथालयात असेल, महाराष्ट्र मंडळात असेल, तर हे उपयोगी पडेल. यातलं काहीही महागडं नाही.

पहिली गोष्ट, वेळ. आमचं दालन साडेदहा ते साडेचार उघडं असायचं. त्या वेळात विद्यार्थी वर्गात, कर्मचारी कामावर, शहरातली माणसं ऑफिसात. आम्ही उघडे होतो, पण अशा वेळी की कुणाला यायलाच जमू नये. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ उघडायचं ठरवलं. पण मग चित्रांवरचा उजेड वाढणार. उजेडाचं नुकसान हे नुसतं किती प्रखर यावर नसतं, किती तास यावरही असतं. मग गुरुवारी सकाळी दालन बंद ठेवलं. चित्रांचे तास वाढले नाहीत, फक्त ते माणसांच्या सोयीच्या वेळी सरकवले. इतकं साधं होतं, आणि ते आम्हाला आधी कधीच सुचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, शेजारी. विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे जे आहे ते दुसऱ्या कुठल्याच संग्रहालयाकडे नसतं. पाच मिनिटांच्या अंतरावर संगीताचा विभाग, वनस्पतिशास्त्राचा, रसायनाचा. आणि आम्ही कधी त्यांच्या दारात गेलो नव्हतो. संगीत विभागात गेले आणि म्हटलं, आमच्याकडे तोडी रागिणीचं चित्र आहे. रानात उभी असलेली वीणाधारी स्त्री आणि तिच्या सुरांनी ओढली गेलेली हरणं. कुणी त्याच्यासमोर तोडी गाईल का? एम.ए.ची एक विद्यार्थिनी तयार झाली. पण म्हणाली, "तोडी सकाळचा राग आहे, मी संध्याकाळी गाणार नाही." तिचं बरोबर होतं. म्हणून आमचा पहिला कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला झाला. तिच्या गुरुजींनी गाण्याआधी पाच मिनिटं छान सांगितलं, की चित्रकाराच्या काळातली तोडी आणि आजची तोडी सुरांनी एकच असेल असं समजू नका. राग बदलत जातात, नावं राहतात. मग ती गायली. दालनात खुर्च्या नव्हत्या. सतरंजीवर तीसेक माणसं होती. गाणं संपल्यावर कुणी उठेना. सगळे त्या हरणांकडे बघत होते.

रसायनवाल्यांनी रंगांचं टेबल मांडलं. गेरू, नीळ, काजळी, हिंगूळ, हरताळ. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणारा निळा दगड, लाजवर्द. हिंगुळात पारा आहे आणि हरताळात आर्सेनिक, म्हणून ते बंद बरण्यांत. पण गेरू आणि नीळ हातात घ्यायला खुले. कागदाचे थर एकावर एक चिकटवून केलेली वसली आणि ती घोटायचा गुळगुळीत अकीकाचा दगड, तेही खुले. घोटून बघा, म्हटलं. तासभर लोक कागद घोटत होते. एक रिक्षावाले दादा म्हणाले, "एवढा हात दुखतो, मग चित्र काढायला ताकद कुठून आणायचे?" तेव्हा लक्षात आलं, लोकांना हात लावायचाच असतो. मग हात लावायला काहीतरी द्या. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचं दालन उघडलं, अंध व्यक्तींना स्पर्शाने बघता यावं म्हणून तिथे वस्तूंच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. तिथूनच आम्हाला हे सुचलं होतं.

तिसरी गोष्ट, लेबलं. नवी लेबलं लिहायची आणि छापण्याआधी ती आमच्या रखवालदाराला, झाडणाऱ्या ताईंना, पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचून दाखवायची. जिथे ते थांबतील, ते वाक्य खोडायचं. 'अपारदर्शक जलरंग' शेवटच्या ओळीत गेला. काढला नाही, कारण तेही ज्ञान आहे. पण सुरुवात त्याने करायची नाही.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात अवघड. मी मेसमध्ये गेले.

दुपारी अडीचची वेळ. चाची भांड्यांपाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "चाची, त्या दिवशी मी चुकले. तुम्ही परत या." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही आलो आणि तुमचं काही बिघडलं तर? भरपाई कोण देणार?" मी म्हटलं, "काही बिघडणार नाही." त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तर म्हणालात, बिघडतं."

बघा, माझी पाटी त्यांनी माझ्यापेक्षा नीट वाचली होती. पण का, ते कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी तिथेच बसले आणि सांगितलं. फुलात ओल असते, फुलाबरोबर किडे येतात, ते कागद खातात. बोटाचं तेल, कुंकू, काचेच्या फटीतून आत जातं. चाची म्हणाल्या, "मग असं सांगायचं ना. धान्याच्या कोठीत आम्हीपण ओला हात घालू देत नाही."

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी आल्या, पाच जणी. दाराशी आम्ही एक पितळी ताम्हण ठेवलं होतं. बाजूला लिहिलं होतं, "फुलं इथे वाहा. आत कागदाला त्रास होतो." चाचींनी ताम्हणात फूल ठेवलं आणि चपला काढल्या. मी काही बोलले नाही. मीही काढल्या.

भैरवीसमोर आम्ही उभ्या राहिलो. मी नवं लेबल वाचून दाखवलं. "ही स्त्री शंकराची पूजा करते आहे." चाची म्हणाल्या, "नाही, मॅडमजी. पूजा झाली आहे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"फुलं वाहिलेली आहेत बघा, पिंडीवर. हातात आता टाळ आहेत. ही गाते आहे. पूजा सकाळीच आटोपली, आता भजन चाललंय."

मी ते चित्र कित्येक वेळा मोजलं होतं. लांबी, रुंदी, रंगांची यादी. टाळ मला माहीत होते, फुलंही माहीत होती. पण त्यांचा क्रम मी कधी लावला नव्हता. आणि ते चित्र रागिणीचं आहे, म्हणजे ती गाणार हे उघड आहे! मी लेबल बदललं. आजही तिथे लिहिलेलं आहे: "पूजा झाली आहे. आता ती गाते आहे."

आता तुम्हाला वाटेल, झालं, सगळं छान झालं. तसं नाही. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी चित्रांतली झाडं ओळखण्याचा सुरेख कार्यक्रम केला, त्याला दोन माणसं आली. त्यातली एक मी. मुलांच्या कार्यशाळेत इतका गोंधळ झाला की शेजारच्या विभागाने लेखी तक्रार केली. एकदा आम्ही सेल्फी स्पर्धा ठेवली. गर्दी उसळली, नोंदवही भरून गेली, आणि चित्रांकडे पाठ करून सगळे परत गेले. त्या रात्री मला रिकाम्या दालनापेक्षा जास्त वाईट वाटलं. ती स्पर्धा परत केली नाही. आकडा वाढणं आणि बघणारे वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि दालनाचं काय झालं? निम्मं गेलं. मधे प्लायवूडची भिंत घातली. पलीकडे उत्तरपत्रिका, अलीकडे आम्ही. पूर्ण दालन वाचलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण निम्मं तरी वाचलं. बैठकीत सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त नोंदवही टेबलावर सरकवली. त्यात नावं होती, काही ठिकाणी अंगठे होते, काही ठिकाणी शेरे होते. एका पानावर कुणीतरी लिहिलं होतं, "गुरुवारी ओव्हरटाइम लागला, आठला येईन, बंद करू नका." त्या अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

जागा कमी झाल्यावर आम्ही बाहेर पडलो. त्याची कल्पना मला माझ्या गावाने दिली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती. लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं गावोगावी जायची. आम्ही तशीच पेटी केली. चित्रांच्या चांगल्या प्रती, घोटायचा दगड, गेरू, निळीचा तुकडा, एक छोटा स्पीकर. ही पेटी हॉस्टेलवर जाते, शाळांत जाते. मूळ चित्र अंधारात विश्रांती घेत असतं तेव्हा पेटी बाहेर काम करते.

२०२२ साली प्राग शहरात जगभरच्या संग्रहालयांच्या परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. त्यात जतन आहे, संशोधन आहे, आणि सोबत सर्वांना प्रवेश, लोकांचा सहभाग, आनंद हेही शब्द आहेत. ती वाचली तेव्हा मला आजी आठवली. तिने एवढी मोठी व्याख्या वाचली नसती. "इमारत तुमची, देव माझा," एवढ्यात तिचं झालं होतं.

जाता जाता एकच मागणं. तुम्ही इंदूरला असाल, हैदराबादला, कोलकात्याला, काशीला, कुठेही असाल. तुमच्या शहरातल्या विद्यापीठात एखादं संग्रहालय आहे का, याची चौकशी करा. असेल तर जा. बंद असेल तर "कधी उघडतं?" असं ऑफिसात जाऊन विचारा. कुणीतरी विचारतं आहे, हे त्यांना कळू द्या. मंडळाच्या दिवाळी पहाटेला एखादं वर्ष तिथल्या दालनात गाणं ठेवता येईल का, ते बघा. आणि निघताना नोंदवहीत नाव लिहा, शेरा लिहा. चांगला, वाईट, कसाही. नुसती सही ठोकू नका. तुम्हाला ती वही म्हणजे उपचार वाटतो. पण एखाद्या दिवशी असंच पत्र येतं, तेव्हा त्या इमारतीच्या बाजूने बोलायला तेवढी एक वहीच असते.

आणि हो, त्या पाटीचं राहिलं. "हात लावू नका" ही पाटी आमच्याकडे अजून आहे. ती काढली नाही, काढताही येणार नाही. तिच्याखाली फक्त एक ओळ वाढवली आहे: "का, ते विचारा."

लोक विचारतात. आम्ही सांगतो. बराच वेळ जातो त्यात, पण आता आमचं मुख्य काम तेच आहे.